बाटली विकली की जबाबदारी संपली?

आमच्या खेड्यांत कीटकनाशकाला कोणी विष म्हणत नाही. त्याला 'औषध' म्हणतात. 'कपाशीवर औषध मारले', 'औषध आणावयास तालुक्याला गेला', असेच शेतकरी बोलतो. विषाला औषध म्हणावयाचे, म्हणजे ते बनविणाऱ्याला वैद्याचे स्थान द्यावयाचे. एवढा मोठा विश्वास ज्या उद्योगावर कोट्यवधी शेतकऱ्यांनी टाकला, त्या उद्योगाने अलीकडे आणखी एका पदवीवर हक्क सांगण्यास आरंभ केला आहे. आपण केवळ पिकांचे रक्षणकर्ते नसून भूमीचे, पाण्याचे, वनांचे आणि पशुपक्ष्यांचेही संरक्षक आहोत. शाश्वत शेतीचा मार्ग आपल्याच कारखान्यांतून जातो, असे तो परिषदांतून, अहवालांतून आणि जाहिरातींतून सांगत आहे. हा दावा हसण्यावारी नेण्यासारखा नाही; तसाच तो मुकाट्याने मान्य करण्यासारखाही नाही. तो तपासून पाहिला पाहिजे, आणि तपासण्याची कसोटी आमच्या मते एकच आहे. आपला माल कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्यानंतर त्याचे पुढे जे काही होते, त्याची जबाबदारी हा उद्योग कोठवर घेतो?

जे श्रेय या उद्योगाचे आहे ते प्रथम मोकळ्या मनाने त्याच्या पदरात टाकले पाहिजे. १९६५-६६ च्या अवर्षणात परदेशी गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसलेला हा देश पुढे स्वतःचे अन्न स्वतः पिकवू लागला, त्यात नव्या बियाण्यांचा, पाटबंधाऱ्यांचा आणि शेतकऱ्याच्या घामाचा वाटा जसा आहे, तसाच खतांचा व कीटकनाशकांचाही आहे. २०२० च्या मे महिन्यात टोळधाड राजस्थान आणि मध्य प्रदेश ओलांडून अमरावती-नागपूरपर्यंत येऊन थडकली, तेव्हा तिच्यापुढे कोणी गोमूत्राचा तांब्या घेऊन उभे राहिले नाही. रासायनिक फवारणीचाच आश्रय करावा लागला. शिवाय, आहे त्याच जमिनीतून अधिक धान्य निघाले तर नवी जंगले तोडून नांगराखाली आणण्याची गरज कमी होते, हा या उद्योगाचा युक्तिवादही सर्वस्वी पोकळ नाही. आणि ज्यांना वाटते की रसायने एका रात्रीत हद्दपार केली म्हणजे सत्ययुग अवतरेल, त्यांनी शेजारच्या श्रीलंकेकडे पाहावे. २०२१ साली तेथील सरकारने रासायनिक खते व कीटकनाशके यांची आयात एकाएकी बंद केली, भाताचे उत्पादन घसरले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सरकारला माघार घ्यावी लागली. तेव्हा रसायन हवे की नको, असा भाबडा प्रश्न आम्ही विचारीत नाही. ते कोणते, किती, कोणाच्या सल्ल्याने आणि कोणाच्या जिवावर, एवढेच विचारतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना २०१७ सालचे यवतमाळ आठवल्यावाचून राहत नाही. त्या वर्षी त्या जिल्ह्यात कपाशी माणसाच्या डोक्याबरोबर, कोठे कोठे त्याहूनही उंच वाढली होती. किडीचा उपद्रव मोठा होता. दोन-दोन, तीन-तीन औषधे एकत्र कालवून मारण्याची रीत पडली होती. पाठीवरच्या हातपंपाच्या जागी अतिबारीक तुषार उडविणारे यांत्रिक पंप आले होते. त्या दाट कपाशीतून, ऐन उकाड्यात, दिवसाच्या मजुरीसाठी जो माणूस पंप घेऊन चालला, त्याच्या श्वासातून, डोळ्यांतून आणि घामाने भिजलेल्या कपड्यांतून ते तुषार त्याच्या देहात शिरले. वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. शेकडो लोक रुग्णालयांत दाखल झाले. त्यांतील कित्येकांची दृष्टी काही काळ हरपली. राज्य सरकारने विशेष चौकशी पथक नेमले आणि पश्चिम विदर्भातील जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. साठ दिवस! मेलेल्या माणसाचे वर्षश्राद्ध येण्यापूर्वीच त्याला मारणाऱ्या बाटलीचे सुतक फिटले.

त्या वेळी दोष कोणाच्या माथी मारला गेला? मुख्यतः फवारणाऱ्याच्या. त्याने तोंडाला फडके बांधले नाही, हातमोजे घातले नाहीत, वाऱ्याची दिशा पाहिली नाही, बाटलीबरोबरचे माहितीपत्रक वाचले नाही. आम्ही या उपदेशकांना एवढेच विचारतो की, ते माहितीपत्रक त्यांनी स्वतः कधी वाचून पाहिले आहे काय? मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरांत अनेक भाषांची गर्दी केलेला तो कागद वाचण्यास भिंगच हवे. कायद्याने बाटलीवर तांबडा, पिवळा, निळा व हिरवा असे त्रिकोण सांगितले आहेत, आणि तांबडा सर्वांत जहाल, हे खरे. परंतु बाटली मालक विकत आणतो, औषध पाण्यात दुसराच कोणी कालवतो, आणि मजुराच्या हाती येतो तो नुसता भरलेला पंप. पंपावर त्रिकोण नसतो.

राहिला प्रश्न संरक्षक पोशाखाचा. विदर्भाच्या दमट उकाड्यात रबरी मोजे, चष्मा, मुखवटा आणि नखशिखान्त बंद अंगरखा घालून दिवसभर फवारणी करणे मनुष्याच्या आवाक्यातले नाही. हे आमचेच मत आहे असे नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेने १९८५ साली कीटकनाशकांविषयी एक आंतरराष्ट्रीय आचारसंहिता स्वीकारली, आणि पुढे ती वेळोवेळी सुधारली. तीत असे म्हटले आहे की, ज्या औषधांच्या वापरासाठी गैरसोयीची, महागडी किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात, ती औषधे टाळावी. विशेषतः उष्ण हवामानातील लहान शेतकरी व शेतमजूर यांच्या बाबतीत टाळावी. या उद्योगाच्या जागतिक संघटना या संहितेला मान डोलवितात. मग यवतमाळच्या मजुराहून लहान, आणि यवतमाळच्या हवेहून उष्ण असे या संहितेला आणखी काय अभिप्रेत होते? ज्या मालाचा सुरक्षित वापर जेथे शक्यच नाही, तेथे तो विकावयाचा आणि अपघात झाला की 'सुरक्षित वापर केला नाही' म्हणून मृतालाच आरोपी करावयाचे, हा न्याय उलट्या काळजाचा आहे.

हा उद्योग मनात आणील तर काय करू शकतो, याचे एक उदाहरण आम्ही मुद्दाम देतो. कारण ते निसर्गसंवर्धनाचेच आहे. स्वेन्सन नावाचा एक शिकारी पक्षी उत्तर अमेरिकेत घरटी करतो आणि तेथला हिवाळा टाळण्यासाठी हजारो मैल उडून अर्जेंटिनाच्या कुरणांत उतरतो. १९९५-९६ च्या हंगामात तेथील शेतकऱ्यांनी नाकतोडे मारण्यासाठी मोनोक्रोटोफॉस फवारले आणि ते नाकतोडे खाणारे हे पक्षी हजारोंनी मरून पडले. पक्षिशास्त्रज्ञांनी हाकाटी केली. सरकारे जागी झाली. उत्पादकही चर्चेला बसले, आणि त्या प्रदेशातून ते औषध मागे घेण्यात आले. झाले ते उत्तमच झाले. पक्ष्यांचा जीव मोलाचा आहे, याबद्दल आमच्या मनात संदेह नाही.

आता याच मोनोक्रोटोफॉसचा भारतातला प्रवास पाहा. २००५ साली भाजीपाल्यावर त्याचा वापर करण्यास आपल्याकडे मनाई झाली, पण कपाशीसारख्या पिकांसाठी ते दुकानांत राहिले; आणि जे दुकानात आहे ते भाजीच्या वाफ्यात जाणार नाही, ही कल्पना दिल्लीच्या कचेरीतच सुचू शकते. २०१३ च्या जुलैत बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेतले माध्यान्ह भोजन जेवून २३ मुले मृत्युमुखी पडली. स्वयंपाकाच्या तेलात हेच विष उतरले होते. २०१७ साली विदर्भात ज्या पाच औषधांवर साठ दिवसांची बंदी आली, त्यांतही ते होते. त्याच्या सर्वपरिचित द्रवरूप प्रकाराला मुदत घालून निरोप देण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला तो २०२३ साली. अर्जेंटिनातील पक्ष्यांना जो न्याय अल्पावधीत मिळाला, तो भारतातल्या माणसांना मिळण्यास सुमारे पाव शतक लागले. संरक्षकाच्या पदवीवर हक्क सांगणाऱ्यांनी या तफावतीचे उत्तर दिले पाहिजे.

कोणी म्हणेल, आपल्या देशात शेतकऱ्यांची संख्या एवढी अफाट, शेते एवढी तुकड्या-तुकड्यांची. प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवणार कोण? या शंकेचे निरसन नाशिकच्या द्राक्षबागाईतदारांनी केव्हाच केले आहे. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांसाठी २००६ पासून 'ग्रेपनेट' नावाची व्यवस्था अस्तित्वात आली. तीत प्रत्येक बागेची नोंद होते, घडांचे नमुने प्रयोगशाळेत जातात, औषधांचा अंश मर्यादेत असेल तरच माल पुढे सरकतो, आणि परदेशी दुकानातली पेटी पाहून ती कोणत्या बागेतली हे सांगता येते. २०१० साली एका वाढ-नियंत्रक रसायनाच्या अंशावरून युरोपने आपली द्राक्षे अडविली, तेव्हा बागाईतदारांचे मोठे नुकसान झाले. परंतु त्यांनी रडत न बसता आपली शिस्त आणखी कडक केली. म्हणजे या महाराष्ट्रातच, लहान लहान शेतकऱ्यांकडून, औषधाच्या कणाकणाचा हिशेब ठेवून घेता येतो. मात्र तो हिशेब युरोपातल्या खाणाऱ्यासाठी असतो. मंडईत उभ्या असलेल्या पुण्या-मुंबईच्या गृहिणीसाठी नसतो. आणि फवारणी करणाऱ्या मजुरासाठी तर नसतोच नसतो. अडचण क्षमतेची नाही. ज्याच्या नकाराची किंमत मोजावी लागते, त्याचीच प्रकृती सांभाळली जाते, एवढाच याचा अर्थ आहे.

या उद्योगाचे आणखी एक आवडते पालुपद आहे. जपान किंवा चीन यांच्या मानाने भारतात दर हेक्टरी कीटकनाशकांचा वापर पुष्कळच कमी आहे, असे तो सांगतो. आकडा खोटा नाही. पण सरासरी ही मोठी फसवी बाई आहे. देशातील कोरडवाहू ज्वारी-बाजरीच्या अफाट पट्ट्यावर औषधाचा थेंबही क्वचित पडतो, आणि कपाशी, मिरची, भाजीपाला, द्राक्षे यांवर त्याचा पाऊस पडतो. नदीची सरासरी खोली गुडघाभर आहे, असे सांगून डोहात बुडालेल्याच्या घरच्यांचे सांत्वन करता येत नाही.

शिवाय अधिक फवारले म्हणजे अधिक पिकते, हे गृहीतही अनुभवाने टिकलेले नाही. इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांनी हाहाकार केला होता. जितके औषध मारावे तितके तुडतुडे वाढत, कारण त्यांना खाणारे कोळी व अन्य कीटक प्रथम मरत. १९८६ साली तेथील सरकारने भातावरील ५७ कीटकनाशकांना बंदी केली, औषधांवरील सरकारी अनुदान क्रमाने काढून घेतले आणि शेतकऱ्यांना शेतातच मित्रकीटक ओळखण्याचे शिक्षण दिले. भात कमी झाला नाही. औषधांचा खर्च मात्र उतरला. आपल्याकडे बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली, आणि आरंभी बोंडअळीवरच्या फवारण्या खरोखरच कमी झाल्या. परंतु कडेने साधी कपाशी लावण्याचे पथ्य बियाणे-कंपन्यांनी कागदावर सांगितले, शेतात कोणी पाळले नाही. आणि २०१७ च्या सुमारास गुलाबी बोंडअळी त्या वाणाला पुरती सरावून महाराष्ट्रभर पसरली. निसर्गाला फसविता येत नाही. त्याच्याशी बेहिशेबी वागणारा उद्योग अखेर स्वतःच्या मालाचीच धार घालवितो.

यावर उपाय कोणास ठाऊक नाहीत असे नव्हे. कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीला पोचल्याखेरीज फवारू नये, हे आमची कृषि विद्यापीठे कित्येक वर्षे सांगत आहेत. राज्य सरकारने २००९-१० पासून कपाशी, सोयाबीन, तूर, हरभरा अशा पिकांवरील किडींची गावोगाव पाहणी करून सल्ला देण्याचा प्रकल्प चालविला. मग अडते कोठे? अडते ते कृषि सेवा केंद्राच्या गल्ल्यापाशी. शेतकऱ्याला सल्ला देणारा, औषध विकणारा आणि ते उधारीवर देणारा इसम पुष्कळदा एकच असतो. आणि त्याच्या डोक्यावर कंपनीच्या विक्रीच्या लक्ष्याची टांगती तलवार असते. शहरात डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय जहाल औषध मिळू नये, असा आपला आग्रह असतो. खेड्यात मात्र औषधविक्याच नाडी पाहतो, तोच रोग सांगतो, तोच बाटली देतो आणि वर दुसरी बाटली भेट म्हणून देतो. अशा वैद्याकडून पथ्य सांगितले जाईल, ही अपेक्षाच व्यर्थ आहे.

कायद्यावर विसंबावे, तर आमचे कायदे प्रेतयात्रेच्या मागून चालतात. १९५८ साली केरळ व मद्रास राज्यांत पॅराथिऑन हे विष अन्नात मिसळून शंभरावर माणसे मेली. त्यानंतर चौकशी आयोग बसला, आणि कीटकनाशक कायदा झाला तो १९६८ साली. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये कीटकनाशकाच्याच कारखान्यातून वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. त्यानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. ज्या कार्बारिलसाठी भोपाळचा तो कारखाना उभा होता, त्या औषधाला देशात बंदी झाली ती २०१८ साली, म्हणजे दुर्घटनेनंतर चौतीस वर्षांनी. कासरगोडच्या काजूबागांवर वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरमधून एन्डोसल्फान ओतले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ते बंद केले, आणि पीडितांना भरपाई देण्याचा आदेश २०१७ साली द्यावा लागला. १९६८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २००८ साली एक विधेयक आले, २०२० साली दुसरे आले. कागद आले तरी यवतमाळसारख्या ठिकाणी ज्याचा कर्ता पुरुष गेला, त्या घराला आपला हक्क मागण्यासाठी न्यायालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. २०२० साली तर काही कुटुंबांना त्यासाठी थेट स्वित्झर्लंडच्या न्यायालयाचे दार ठोठवावे लागले.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, तांबड्या त्रिकोणाची जी औषधे आमच्या हवेत सुरक्षितपणे वापरता येत नाहीत, ती सरकारी बंदीची वाट न पाहता उत्पादकांनी आपण होऊन मागे घ्यावी. दुसरी, सल्ला आणि विक्री यांची फारकत व्हावी; जहाल औषध कृषितज्ज्ञाच्या लेखी शिफारशीवाचून विकले जाऊ नये. तिसरी, प्रत्येक कापूस-जिल्ह्यात विषबाधेची नोंदवही उघडी ठेवावी, आणि उताऱ्याच्या औषधांचा व उपचारांचा खर्च विक्रीवर बसविलेल्या पट्टीतून उभा करावा. चौथी, रिकामी बाटली ज्याने भरली त्याने परत न्यावी. हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. ब्राझीलने २००० साली तसा कायदा केला, उद्योगानेच त्यासाठी संस्था उभारली, आणि तेथे औषधांची नव्वद टक्क्यांहून अधिक डबे-बाटल्यांची भांडी परत गोळा होतात. आमच्याकडे त्याच बाटल्या विहिरीच्या काठावर पडतात, नाहीतर धुऊन स्वयंपाकघरात जातात. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, दोष कोणाचा याचा घोळ घालीत न बसता विषबाधा झालेल्या मजुराला ठरावीक मुदतीत भरपाई मिळण्याची तरतूद कायद्यातच असावी. रेल्वेच्या अपघातात प्रवाशाला भरपाई मिळते. त्यासाठी त्याने इंजिन चालविण्याचे शास्त्र शिकलेले असावे लागत नाही.

आमच्या शहरी वाचकांनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. डाग नसलेले वांगे, किडीचा मागमूस नसलेली फुलकोबी आणि बारमाही टोमॅटो यांचा हट्ट आपणच धरलेला आहे. ऐपत असणारे 'सेंद्रिय' असे लिहिलेली पिशवी विकत घेऊन आपली सुटका करून घेतात. परंतु आपल्या ताटापुरते विष दूर सारणे म्हणजे काही समाजहित नव्हे. रसायन-कंपन्यांच्या भागांचे भाव वर्तमानपत्रात रोज पाहणारा वर्गही आपलाच आहे. भागधारकांच्या सभेत नफ्याबरोबर बाटल्यांचा आणि विषबाधेचाही हिशेब एखाद्याने मागितला, तर त्याने कोणाचे आकाश कोसळणार नाही.

शाश्वत याचा अर्थ टिकणारे. ज्या शेतीत माती टिकते, पक्षी टिकतात, पण ती कसणारा माणूसच टिकत नाही, तिला शाश्वत म्हणणे ही भाषेची विटंबना आहे. या उद्योगाला निसर्गाचा संरक्षक म्हणवून घ्यावयाचे असेल, तर आम्ही त्याचे स्वागतच करू. मात्र ही पदवी जाहिरातीच्या पानावर मिळत नसते. ज्या दिवशी बाटलीबरोबर तिची जबाबदारीही कारखान्यापासून कपाशीच्या ओळीपर्यंत आणि तेथून परत कारखान्यापर्यंत जाईल, त्या दिवशी ती आपोआप पदरात पडेल. खेड्यातल्या माणसाने विषाला औषध म्हटले, हा त्याचा भाबडेपणा नव्हे, विश्वास आहे. वैद्य म्हणून मान घेतलेल्यांनी रोग्याच्या जिवाची हमी घेतलीच पाहिजे.